हाम्बुर्गच्या गार, ओल्या हवेत गांज्याचं सटायव्हा जातीचं झाड बाल्कनीत होईल का?

एल्बकाठी
नमस्कार मंडळी. हाम्बुर्गला असतो, तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर, नैऋत्येला तोंड करून बाल्कनी आणि तिच्यावर अर्धवट छप्पर. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून घरी गांज्याची तीन झाडं लावायला परवानगी आहे, मला ते सगळं रीतसर करायचंय म्हणून विचारतोय. बागकाम नवीन नाही, टोमॅटो, मिरच्या, कोथिंबीर दरवर्षी होतं, पण हे झाड पहिल्यांदाच. नेदरलँड्सच्या एका बियाणेवाल्याकडून हेझ जातीचं बी मागवलंय, पाकिटावर लिहिलंय की सटायव्हाचा भाग जास्त, फुलोरा १२ ते १४ आठवडे, हवामान उष्ण हवं. आता इथलं हवामान म्हणजे जूनमध्येसुद्धा संध्याकाळी स्वेटर, आणि पाऊस वर्षाचा एकूण धरला तर जवळपास पुण्याइतकाच पण चार महिन्यांत पडून मोकळा होत नाही, बारा महिने थोडाथोडा चालूच असतो. मला प्रश्न असा पडलाय की या थंडीत झाड तगेल का, की सरळ घरात दिव्याखाली लावू? शहराबाहेर आमची एक छोटी भाड्याची बागही आहे, श्रेबरगार्टन म्हणतात ती, तिथे काचघर आहे, तिथे लावलं तर? ज्यांनी थंड ओल्या भागात लावलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा, कुठल्या महिन्यात काय करायचं इतक्या बारीक पातळीवर सांगितलंत तरी चालेल.

मातीतली_ताई
दादा, मी ब्रेमेनला असते, म्हणजे तुमचीच हवा. थंडीचं नंतर बघू, आधी तारखांचा हिशेब मांडा कारण सगळं तिथेच ठरतं.

हे झाड दिवसमान बघून फुलतं. आपल्याकडे शेवंतीवाले रात्री बागेत बल्ब लावून फुलं लांबवतात ना, तेच शास्त्र, रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय झाड फुलोऱ्यात येतच नाही. हाम्बुर्गला २१ जूनला दिवस जवळपास १७ तासांचा असतो, १५ ऑगस्टलासुद्धा पंधराच्या आसपास. उत्तरेकडच्या हवेसाठी तयार केलेल्या जाती साधारण याच सुमाराला फुलायला लागतात. पण सटायव्हाची मुळं विषुववृत्ताच्या जवळची आहेत, थायलंड, कोलंबिया, मलावी, आपलं केरळ, तिथे वर्षभर दिवस बारा तासांच्या आगेमागेच असतो, त्यामुळे त्या रक्ताचं झाड दिवस बारा-साडेबारा तासांवर यायची वाट बघत बसतं. ते इथे होतं सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. त्याच्यापुढे तुमचे १२ ते १४ आठवडे मोजा, डिसेंबर उजाडला. नोव्हेंबरच्या मध्याला इथे दिवस जेमतेम साडेआठ-नऊ तासांचा, ऊन नाही, सगळीकडे धुकं, सरासरी तापमान पाच-सहा अंश. झाड कदाचित जिवंत राहील पण फूल भरणार नाही, आणि भरलं तर कुजेल.

आपल्याकडे हे पीक का जमायचं ते बघा म्हणजे फरक कळेल. ब्रिटिशांच्या काळात परवान्याने गांज्याची शेती व्हायची, खांडव्याकडे, आपल्या अहमदनगर जिल्ह्यातही, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडाला पेरणी आणि फुलोरा थेट पाऊस संपल्यावर, कोरड्या हवेत, स्वच्छ उन्हात. म्हणजे झाडाला वाढायला पाणी आणि फुलायला कोरडं असं निसर्गानेच जुळवून दिलेलं. इथे नेमकं उलटं होतं, कोरडे दिवस त्यातल्या त्यात एप्रिल-मेला आणि फुलोरा येतो तो ओलीत.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, हे हेझचं बी हाम्बुर्गच्या बाल्कनीत उघड्यावर लावू नका. बी वाया जाणार नाही, थंड कोरड्या जागी काही वर्षं टिकतं. बाहेरच लावायचं असेल तर लवकर तयार होणाऱ्या जाती घ्या. सटायव्हाच हवी असेल तर डर्बन पॉयझन बघा, मूळ दक्षिण आफ्रिकेचं, डर्बन ३० अंश दक्षिणेला आहे म्हणून त्या झाडाला बदलत्या दिवसमानाची सवय आहे, फुलोरा आठ-नऊ आठवड्यांत आटोपतो. ऑगस्टच्या मध्याला सुरू झालं तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हातात, तेही काठावरच म्हणा. फ्रिशियन ड्यू ही नेदरलँड्समधली जात तर याच किनाऱ्याच्या हवेसाठी काढलेली आहे, निव्वळ सटायव्हा नाही ती, पण बुरशीला बऱ्यापैकी दाद देत नाही.

तिसरा रस्ता ऑटोफ्लॉवर. त्यात रुडेरालिस नावाच्या मध्य आशिया-रशियाकडच्या रानटी झाडाचं रक्त असतं, ते दिवसमान बघतच नाही, वय झालं की फुलतं. बी रुजल्यापासून साधारण १० ते १२ आठवड्यांत काढणी. इथले माळी आइसहायलिगेपर्यंत नाजूक रोपं बाहेर काढत नाहीत, म्हणजे ११ ते १५ मे, तो नियम याही झाडाला लावा. एप्रिलच्या शेवटी घरात रुजवा, १५ मेनंतर बाल्कनीत, जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काढणी. सप्टेंबरची ओल यायच्या आत तुम्ही मोकळे. पहिल्यांदाच लावणाऱ्याला मी हेच सांगेन. फक्त ऑटोचं रोप एकदा लावलं की कुंडी बदलू नका, त्याच्याकडे मुळं सावरायला वेळ नसतो, पहिल्यापासूनच १५ लिटरच्या कापडी कुंडीत पेरा.

द्राक्षबाग_दिंडोरी
ताईंनी हिशेब फार छान मांडलाय. मी गांजा लावत नाही, दिंडोरीला द्राक्षबाग आहे, पण बुरशीशी रोजचा संबंध म्हणून त्या बाजूने सांगतो. तुमच्याकडे फूल कुजवणारी जी राखाडी बुरशी आहे ती बॉट्रायटिस, आमच्या घडांनाही तीच लागते, आम्ही घडकुज म्हणतो. तिला फार उष्णता नको असते, १५ ते २० अंश तापमान आणि पानाफुलांवर तासन् तास टिकलेली ओल एवढं मिळालं की झालं काम. म्हणजे तुमचा अख्खा सप्टेंबर-ऑक्टोबर तिला मानवतो. पावसाच्या सरीपेक्षाही दव वाईट, सर येते आणि वाऱ्याने सुकून जाते, दव मात्र रात्रभर बसतं आणि सकाळी ऊन आलं नाही तर दुपारपर्यंत बसतं.

आमच्याकडे निम्मं काम औषध करतं आणि निम्मं कॅनॉपी, म्हणजे पानाफांद्यांची मांडणी. घड सुटा ठेवायचा म्हणून मण्यांची विरळणी करतो, घडासमोरची पानं काढतो, वारा आरपार गेला पाहिजे. तुमच्या झाडालाही तसंच करा, आतल्या सावलीतल्या बारक्या फांद्या आणि बुडातली पानं फुलोऱ्याच्या आधीच काढून टाका, कुंड्यांमध्ये हात जाईल एवढं अंतर ठेवा, भिंतीला चिकटवू नका. मी वाचलंय त्याप्रमाणे सटायव्हाचं फूल लांबट आणि सुटं असतं, इंडिका या दुसऱ्या प्रकाराचं घट्ट गच्च, तर बुरशीच्या दृष्टीने सुटं फूल कधीही चांगलंच, तेवढी एक जमेची बाजू आहे तुमच्याकडे.

आता महत्त्वाचं. रोग ओळखायची खूण म्हणजे हिरव्यागार फुलातलं एखादंच पान अचानक पिवळं पडून मान टाकतं आणि नुसतं ओढलं की हातात येतं. ते दिसलं की फूल हळूच उघडून बघा, आत तपकिरी आणि त्यावर राखाडी लव असेल तर तो भाग चांगल्या दोन-तीन बोटं खालून कापा, कापायच्या आधी त्यावर पिशवी घाला म्हणजे बीजाणू उडणार नाहीत, कात्री स्पिरिटने पुसा. अळीने भोक पाडलेल्या फुलात कुज आधी शिरते म्हणून विष्ठेचे काळे दाणे दिसतात का तेही बघत जा. आणि फुलोरा सुरू झाल्यावर काहीही फवारू नका, गंधक नाही, बुरशीनाशक नाही, काही नाही. आमच्या द्राक्षाला शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते ठरलेलं असतं आणि द्राक्ष धुऊन खातात, तुमचं फूल कोणी धुणार नाही आणि ते जाळून थेट फुप्फुसात जाणार, हा फरक लक्षात घ्या.

बर्लिनचा_पाटील
कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून मी लिहितो, माळीकामात माझी गती नाही पण हा कायदा नीट वाचलाय.

श्रेबरगार्टन विसरा. घरगुती लागवड फक्त तुम्ही राहता त्या जागी चालते, भाड्याच्या बागेत तुम्ही राहत नाही म्हणून तिथलं काचघर कितीही चांगलं असलं तरी बेकायदा. बाल्कनी घराचाच भाग आहे, तिथे चालेल, पण झाडांपर्यंत मुलांचा किंवा बाहेरच्या कोणाचा हात पोचता कामा नये ही जबाबदारी तुमची आणि शेजाऱ्यांना असह्य त्रास होऊ नये हेही त्यात आहे. फुलोऱ्यातल्या झाडाचा वास खाली-वर दोन मजले जातो, आधीच शेजाऱ्यांशी बोलून घ्या.

एका वेळी माणशी तीन झाडं, वय १८ पूर्ण आणि जर्मनीत किमान सहा महिने वास्तव्य. घरात वाळवलेला माल ५० ग्रॅमपर्यंत, बाहेर जाताना जवळ २५ ग्रॅमपर्यंत. ५० च्या वर निघालेलं नष्ट करायचं असतं, आणि घरी पिकवलेलं मित्राला देणंसुद्धा चालत नाही, विकणं तर लांबच. म्हणजे तुमचं ते अडीच मीटर वाढणारं हेझ चांगलं आलं असतं तरी त्याचा बराचसा भाग टाकूनच द्यावा लागला असता, हाही विचार करा, या कायद्याला लहान झाडंच बरी पडतात. गाडी चालवत असाल तर ऑगस्ट २०२४ पासून रक्तद्रवात टीएचसीची, म्हणजे गांज्यातल्या नशा आणणाऱ्या घटकाची, मर्यादा मिलिलिटरला ३.५ नॅनोग्रॅम आहे, लायसन्स नवीन असेल किंवा वय २१ च्या आत असेल तर शून्य. आणि सीमेपलीकडे काही घेऊन जाऊ नका, डेन्मार्क तुम्हाला जवळ आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

एल्बकाठी
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. बागेचा विचार सोडला. ताई, ऑटोचं पटतंय, या वर्षी बाल्कनीत दोन ऑटो लावतो. पण हेझ मनातून जात नाहीये, ते घरात दिव्याखालच्या बंद तंबूत लावलं तर किती खर्च येतो आणि उंचीचं काय? आणि कुठेतरी वाचलं की बाल्कनीतच झाडावर काळं कापड टाकून लवकर फुलवता येतं, ते खरं आहे का? अजून एक, माझा एक मित्र केरळहून येतोय, तो इडुक्कीकडचं बी आणू का म्हणतोय.

मातीतली_ताई
शेवटचं आधी, मित्राला नाही म्हणून सांगा. बी मागवायची परवानगी फक्त युरोपियन युनियनमधल्या देशांतून आहे, भारतातून नाही. आणि इडुक्की १० अंश उत्तरेला, ते झाड इथे हेझपेक्षाही उशिरा फुलेल.

काळ्या कापडाचं खरं आहे. जूनच्या शेवटापासून रोज संध्याकाळी सातला झाकायचं आणि सकाळी सातला उघडायचं, आत पूर्ण अंधार, एकही फट नको, की झाडाला वाटतं रात्र मोठी झाली आणि जुलैच्या मध्याला फुलोरा दिसायला लागतो. दहा आठवड्यांची जात असेल तर सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात संपतं. पण यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे रोज म्हणजे रोज, अधूनमधून चुकलं तर झाड गोंधळतं, मध्येच पुन्हा पानं काढायला लागतं, ताणाखाली मादी झाडावर नर फुलंही येऊ शकतात आणि मग सगळं बियांनी भरतं. दुसरी म्हणजे प्लास्टिकखाली रात्रभर झाडाचाच श्वास कोंडून थेंब साचतात, वर दिंडोरीच्या दादांनी सांगितलेली ओल तुम्ही स्वतःच्या हाताने तयार करता. जाड विणीचं कापड आणि खालून वरून वारा खेळेल अशी पण उजेड न शिरणारी सोय केली तर जमतं. तुम्ही रोज सातला घरी असणार असाल तरच करा.

तंबूचं म्हणाल तर १२ तास उजेड १२ तास अंधार तुमच्या हातात असतो, त्यामुळे हेझला तीच जागा. २०० वॅटचा एलईडी १२ तास म्हणजे दिवसाला २.४ युनिट, १४ आठवड्यांच्या फुलोऱ्याला साधारण २३५ युनिट, त्यात आधीच्या वाढीचे आठवडे आणि पंखा धरा, युनिटला ३५ ते ४० सेंटच्या हिशेबाने शंभर-सव्वाशे युरो विजेलाच. कार्बन फिल्टर लावावाच लागतो, नाहीतर अख्ख्या जिन्यात वास. उंचीबाबत सांगते, सटायव्हा फुलोऱ्याला घातल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत दुप्पट-तिप्पट ताणते, म्हणून दोन मीटरच्या तंबूत रोप ३०-४० सेंटिमीटरचं असतानाच १२ तासांवर आणा, शेंडा खुडा, फांद्या आडव्या बांधून जाळीखाली पसरवा. खत हात राखून, ही झाडं खादाड नसतात, नायट्रोजन जास्त झाला की पानं गडद होऊन टोकं खाली वळतात आणि फुलोरा आणखी लांबतो. गार हवेत पाणीही कमीच लागतं, कुंडी उचलून हलकी लागली तरच घाला, ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या, मातीत चांगला पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) घाला. गार माती सतत ओली राहिली की मुळं अन्न उचलत नाहीत, पानं पिवळी पडतात आणि माणसाला वाटतं खत कमी पडलं म्हणून तो आणखी खत घालतो.

आणि सटायव्हा-इंडिका या शिक्क्यावर फार जाऊ नका. लिनियसने १७५३ मध्ये सटायव्हा नाव दिलं, लामार्कने १७८५ मध्ये भारतातल्या झाडावरून इंडिका वेगळं काढलं, ते झाडाच्या ठेवणीवरून. आज पाकिटावर जे छापतात त्यात इतकी संकरं झालीयेत की त्यावरून परिणाम कळत नाही, टीएचसी किती, सीबीडी (नशा न आणणारा घटक) किती ते बघा आणि पहिल्यांदा घेताना अगदी थोडं.

पाचगणीकर
फार उपयोगी धागा. आमच्याकडे पाचगणी-महाबळेश्वरला पण अशीच गार दमट हवा असते, कुंडीत एखादं झाड औषधापुरतं लावलं तर चालेल का? भांग तर सरकारमान्य दुकानात मिळते ना काही राज्यांत.

बर्लिनचा_पाटील
भाऊ, नका लावू. भारतात अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा, १९८५, कलम २०, या झाडाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. लागवडीला तिथे कमी-जास्त असं प्रमाण नाही, कुंडीतलं एक झाडसुद्धा लागवडच. फुलाशेंड्याशिवायची नुसती पानं आणि बी गांज्याच्या व्याख्येतून वगळलेली आहेत म्हणून काही राज्यांत परवान्याने भांग विकली जाते, पण त्याचा अर्थ झाड लावायला मोकळीक असा होत नाही. उत्तराखंडात परवाना काढून हेम्पची शेती होते, ती ०.३ टक्क्यांच्या आत टीएचसी असलेल्या जातींची, धाग्यासाठी आणि बियांसाठी. दुखण्यासाठी हवं असेल तर आयुष मंत्रालयाच्या नियमांखाली परवानाधारक कंपन्यांची विजयापासून, म्हणजे याच झाडापासून, केलेली औषधं वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतात, तो सरळ मार्ग आहे.

व्हँकुव्हरचा_काका
उशिरा आलो. आमच्याकडे कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार झाडं चालतात आणि किनाऱ्याची हवा थोडीफार तुमच्यासारखीच, फक्त आमचा जुलै-ऑगस्ट कोरडा जातो आणि ऑक्टोबर लागला की आभाळ फाटतं. इथे जाणती मंडळी पावसाळी आठवड्याचा अंदाज आला की दहा टक्के फूल कच्चं असलं तरी कापतात, कुजलेल्या पूर्ण फुलापेक्षा थोडं कच्चं निरोगी फूल केव्हाही बरं, तुम्हीही तोच नियम ठेवा. सगळं एकदम कापायची गरज नाही, वरचे शेंडे आधी तयार होतात ते काढा आणि खालच्यांना उजेड मिळू द्या. कुंडी छपराखाली ओढता येईल अशी चाकांच्या पाटावर ठेवा, पावसाने भिजलीच तर फांदी हलकेच झटकून पाणी पाडा.

वाळवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही आणि ओल्या भागात निम्मं नुकसान तिथेच होतं. बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये वाळत घालू नका. अंधारी खोली, १८ अंशांच्या आसपास, आर्द्रता ५० ते ६० टक्के, फांद्या उलट्या टांगून एकमेकींना न लागता, पंखा भिंतीकडे तोंड करून, थेट फुलांवर नाही. दहा-बारा रुपयांत आपल्याकडे उदबत्ती मिळते तितक्या सहज इथे आर्द्रतामापक मिळतो, तो घ्याच. जुलैमध्ये काढलंत तर हीटर बंद असेल आणि घरात आर्द्रता ६५-७० वर जाईल, तेव्हा खोलीत छोटा डीह्युमिडिफायर लागेल. बारीक काडी वाकवल्यावर कट्कन मोडली की काचेच्या बरणीत भरा, पाऊण बरणीच भरा, पहिले दोन आठवडे रोज झाकण उघडून वास घ्या. अमोनियासारखा किंवा ओल्या गवतासारखा वास आला तर लगेच बाहेर पसरा. राखाडी किंवा पांढरी लव दिसली तर ती बरणी अख्खी टाकून द्या, वरवर निवडून वापरू नका, त्यात ॲस्परजिलस ही बुरशी असू शकते आणि दमेकऱ्याला किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. घरात कोणी तसं असेल तर वाळवायची खोलीही वेगळी ठेवा, आणि बरणी कुलपात.